कोरीव पेटी कुठली? आधी तळ बघा, नक्षी शेवटी

माळ्यावरच्या ट्रंकेतून किंवा देवघरातल्या फडताळातून एखादी कोरीव लाकडी पेटी निघाली की कोल्हापुरात तीनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "राजवाड्यातली असणार." "चंदनाची दिसते." "शंभर वर्षं तर सहज झाली असतील." तिन्ही वाक्यं झाकण उघडायच्या आतच बोलून झालेली असतात. त्यानंतर खोबरेल तेल चोळलं जातं, पितळ चिंचेनं घासलं जातं, आणि पेटीचं वय व गाव सांगणारा निम्मा पुरावा मोरीतून वाहून जातो.

पहिला घोळ प्रश्नातच असतो. "पेटी कुठली?" यात तीन प्रश्न दडलेले असतात: लाकूड कुठलं, काम कुठल्या हाताचं, आणि ती आपल्या घरात कुठून आली. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. पश्चिम घाटातलं शिसव, विशाखापट्टणमचं काम आणि मुंबईतली खरेदी असं एकाच पेटीत सहज सापडतं. म्हणून वहीत सुरुवातीपासून तीन रकाने आखा आणि एका रकान्यातलं उत्तर दुसऱ्यात सरकू देऊ नका.

दुसरा घोळ क्रमाचा. सगळे नक्षीपासून सुरुवात करतात. नक्षीची नक्कल सर्वांत जास्त होते. तळाची फळी, सांधे आणि बिजागरीखालचं लाकूड यांची नक्कल करण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. खालचा क्रम त्यामुळेच उलटा आहे.

१. हात लावण्याआधी

जमवायच्या वस्तू: गुजरीत सोनार वापरतात तसलं दहापट भिंग, टॉर्च, लहान लोहचुंबक, शिंप्याची टेप, जाडी मोजायचं व्हर्नियर (उद्यमनगरात कुणाचं तरी ओळखीचं वर्कशॉप असतंच), स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मऊ कोरडा ब्रश, पांढरा कागद, पेन्सिल आणि जमल्यास नोटा तपासायचा अतिनील टॉर्च.

पेटी जुन्या धोतराच्या किंवा चादरीच्या घडीवर ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. झाकणाला धरून पेटी उचलू नका. जुन्या बिजागऱ्या पहिल्यांदा तिथेच उपटतात.

या टप्प्यावर तेल, पाणी, पॉलिश, ब्रासो, पॉलिश पेपर यातलं काहीही लावायचं नाही. आतला कागद किंवा कापडी अस्तर सोलायचं नाही. ऊनही दाखवायचं नाही. वासासाठी सावलीतला वारा पुरे.

पावसाळ्यात झाकण घट्ट बसलं असेल तर सुरी घालून उघडू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं, दिवाळीनंतर तेच झाकण आपोआप सैल होतं. मापं घेताना महिना लिहायचा तोही यासाठीच.

२. फोटो आणि मापं

फोटो सहा बाजूंचे, झाकण उघडून आतला एक, चारही कोपऱ्यांचे, प्रत्येक बिजागरीचा, कुलपाचा आणि तळाचा. शेजारी पट्टी ठेवा. एक फोटो टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरून काढा. समोरून न दिसणारे रंध्याचे, करवतीचे आणि पुसट अक्षरांचे ओरखडे अशा तिरक्या उजेडात उठून दिसतात.

मग मापं. बाहेरची उंची (झाकण वगळून), आतली खोली आणि तळाच्या फळीची जाडी ही तीन मापं वेगळी घ्या. समजा, बाहेरून १२० मिमी, आत ८४ मिमी आणि तळ ८ मिमी आहे. १२० मधून ९२ गेले, उरले २८. हे २८ मिमी कुठे गेले? खाली पायपट्टी नसेल तर चोरकप्प्याची शक्यता धरा. ती दाबून, ठोकून शोधू नका. आतल्या उभ्या पट्ट्या एकेक करून हलक्या हाताने वर सरकवून बघा. बऱ्याच पेट्यांत एखादी सुटी पट्टीच कळ असते.

गोल डबी असेल तर झाकणाचा व्यास रेषांच्या दिशेने आणि आडवा, असा दोनदा मोजा. लाकूड वर्षानुवर्षं रेषांच्या आडवं आकसतं, त्यामुळे जुनी गोल डबी किंचित लंबगोल झालेली असते. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर वयाबद्दल शंका ठेवा.

३. पेटी उलटी करा

इथे घाई करू नका. अर्धा तास तळासाठीच ठेवा.

फळी कशाची आहे? कडेला थर दिसले तर प्लायवूड. पेटी विसाव्या शतकातली, किंवा तळ नंतर बदललेला. दोन्हीतलं काय हे कडेच्या खिळ्यांवरून कळतं: जुन्या खिळ्यांची रिकामी भोकं शेजारी दिसत असतील तर तळ बदललाय.

करवतीच्या खुणा कशा आहेत? सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेघा हातकरवतीच्या. एकाच वळणाच्या कमानदार रेघा गोल यंत्रकरवतीच्या. त्या असतील तर पेटी फार तर एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते, आणि आपल्याकडच्या कामात बहुधा त्यानंतरची असते.

रंग एकसारखा आहे का? खऱ्या जुन्या तळाचा रंग डागाळलेला असतो: कडा काळपट, मधला भाग फिका, पायाखालचा आणखी वेगळा. सगळीकडे एकाच छटेचा गडद तळ म्हणजे रंगवलेला तळ. पांढरा सुती कापड कोरडाच घासून बघा. कापडाला तपकिरी रंग लागला तर कुणीतरी वय चोपडलंय.

झीज कुठे आहे? हात आणि जमीन लागते तिथे ती असायला हवी: खालच्या कडा, कोपरे, झाकण उचलताना अंगठा टेकतो ती जागा, किल्लीच्या भोकाभोवती. नक्षीच्या खोल खाचांत झीज आणि कोपरे मात्र तीक्ष्ण, असं दिसलं तर ती झीज घासपेपरची.

किडीची भोकंही तपासा. खरी भोकं एक-दोन मिमीची, गोल, आणि आत वळत जाणारी. शिवणाची बारीक सुई अलगद घातली तर ती थोड्याच अंतरावर अडते. सरळ आरपार गेली तर ड्रिलचं भोक. पेटी पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा. फिकट, मैद्यासारखा भुसा पडला तर कीड अजून जिवंत आहे. अशी पेटी दुसऱ्या लाकडी सामानापासून लगेच दूर करा.

पाडलेल्या वाड्यांच्या लाकडातून नव्या पेट्या करण्याचा धंदा जोरात चालतो. लाकूड खरंच जुनं, कामही कधीकधी जुनं, पेटी मात्र कालची. ओळखायच्या खुणा अशा: भुसा-सरसाने बुजवलेली चौकोनी भोकं, एखाद्या कोपऱ्यात अडकलेला ऑइलपेंट किंवा चुना, आणि कडेला मधूनच कापलेली नक्षी. केळफुलाची किंवा महिरपीची अर्धीच आकृती पेटीच्या कडेवर संपत असेल, तर ती पट्टी आधी तुळईवर किंवा खांबावर होती.

४. सांधे, खिळे, स्क्रू, कुलूप

एक नियम पाठ करा: पेटीचं वय तिच्यातला सर्वांत नवा *मूळ* भाग ठरवतो. जुना भाग काहीच सिद्ध करत नाही, कारण सुतार जुने स्क्रू आणि बिजागऱ्या वर्षानुवर्षं डब्यात साठवून वापरतात.

कोपऱ्याचे सांधे आधी बघा. पंख्यासारखे पसरट दात एकमेकांत बसवलेला डव्हटेल जोड हाताने कापलेला असेल तर दातांच्या रुंदीत फरक दिसतो आणि फळीवर सुताराने आखलेली बारीक रेघ राहिलेली असते. सगळे दात एकाच मापाचे असतील तर यंत्र. कोपरे नुसते टेकवून खिळे मारलेले असतील तर लगेच नाक मुरडू नका. घरगुती वापराच्या कितीतरी खऱ्या जुन्या पेट्या तशाच केलेल्या असतात. खिळ्यांऐवजी बांबूच्या खुंट्या सापडल्या तर काम इथलंच, देशी सुताराचं असण्याकडे कल धरायला हरकत नाही.

खिळे: चौकोनी, टोकाकडे निमुळता होत जाणारा, वेड्यावाकड्या डोक्याचा खिळा लोहाराच्या हातचा. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून सर्रास झाला.

स्क्रू: हाताने घडवलेल्याचं टोक बोथट, आटे असमान आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली. टोकदार यंत्रस्क्रू १८५० च्या आगेमागे आले. अधिक चिन्हाच्या खाचेच्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं. तो मूळ स्क्रू असेल तर "आजीच्या आजीची पेटी" तिथेच संपली.

पण मूळ आहे का, हे कसं ठरवायचं? बिजागरीभोवती लाकडावर वेगळ्या आकाराची फिकट सावली दिसते का, जवळ बुजवलेली भोकं आहेत का, बिजागरीसाठी कोरलेला खळगा तिच्याहून मोठा आहे का? यातलं एकही दिसलं तर बिजागरी बदललेली आहे, आणि तिच्यावरून वय काढायचं नाही. स्क्रू काढून बघायचा मोह आवरा. गंजलेल्या स्क्रूचं डोकं हातात येतं.

पितळी वाटणाऱ्या भागांना चुंबक लावा. चिकटलं तर लोखंडावर पितळी मुलामा.

कुलपाच्या पट्टीवर भिंग धरा. मुकुट आणि व्ही. आर. ही अक्षरं राणी व्हिक्टोरियाची, म्हणजे १८३७ ते १९०१. "पेटंट", "लीव्हर" असे इंग्रजी शब्द विलायती कुलपावर सापडतात. पण कुलूप विलायती म्हणून पेटी विलायती ठरत नाही. देशी कारागीर आयात कुलपं सर्रास बसवत. "मेड इन इंडिया" असा छाप असेल तर माल बहुधा निर्यातीसाठी किंवा पर्यटकांसाठी बनलेला, विसाव्या शतकातला.

झाकणात ऐना असेल, आणि फणी-करंडा ठेवायच्या फणेरपेटीत तो असतोच, तर त्याची पाठ खरवडू नका. जुन्या ऐन्यांना कथील आणि पाऱ्याचा थर असे. करड्या-निळसर झाकेचा, चमचमत्या ठिपक्यांचा ऐना तसा असू शकतो. पारा विषारी आहे. फुटलेला ऐना उघड्या हातांनी काढू नका.

५. लाकूड

लाकूड ओळखताना बाहेरचा पॉलिश केलेला भाग बघू नका. बिजागरीखाली, कुलपाच्या खाचेत, खणाच्या तळाशी बघा. शक्य तिथे आडवा छेद, म्हणजे फळीचं टोक, भिंगाखाली धरा.

सागाच्या छेदावर प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. हाताला किंचित तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास ही आणखी खूण.

शिसव आणि शीशम यांत सर्वांत जास्त गल्लत होते. शिसव आपल्या घाटातलं, जांभळट तपकिरी, काळ्या रेघांचं, जड. शीशम उत्तरेकडचं, सोनेरी तपकिरी. "शिसवी पेटी" म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच पेट्या शीशमच्या असतात, आणि त्या एका अक्षरानं पेटी सह्याद्रीतून थेट सहारनपूरला जाते.

अक्रोड मध्यम वजनाचं, करड्या तपकिरी रंगाचं, गुळगुळीत. ते दिसलं तर काश्मीर आधी डोक्यात यावं. चंदनाचा पोत इतका बारीक की छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. वासावर विसंबू नका, कारण दुसऱ्या लाकडाला चंदनतेल चोळतात. पेटी दोन दिवस बंद ठेवून उघडा. वास आतल्या कच्च्या लाकडातून येतो की बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावरून, ते बघा. अगदी काळं लाकूड म्हणजे आबनूस असंही नाही. स्पिरिटचा कापूस काळा झाला तर रंग दिलेला आहे.

आधीच तुटून पडलेली कपची असेल तर ती पाण्याच्या पेल्यात टाका. पाण्याला उन्हात निळसर झाक आली तर बिबला. कपचीसाठी पेटी कापायची मात्र नाही.

६. पॉलिश

तळाच्या कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या टोकावर स्पिरिटचा एकच थेंब घेऊन टेकवा. चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. काही झालं नाही आणि थिनरने विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर, जे १९२० च्या दशकापासूनचं. दोन्हींना दाद देत नसेल तर बहुधा अलीकडचा कृत्रिम थर. अंधारात अतिनील टॉर्चखाली चपडा नारिंगी चमकतो. अक्षरं, रंगकाम किंवा हाडाची जडवण असलेल्या भागाजवळ स्पिरिट नेऊ नका.

चपडा सापडला म्हणजे पेटी जुनी, असंही नाही. तो आजही वापरतात.

७. पांढरी जडवण

हाडावर भिंगातून बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी असते. प्लास्टिकमध्ये यातलं काहीच नसतं, कधी साच्याची शिवण दिसते. तापलेली सुई टोचून बघायची जुनी पद्धत सोडून द्या. सेल्युलॉइड पेट घेतं, आणि हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो.

हस्तिदंताचा नुसता संशय आला तरी पेटी विकायला काढू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याचा व्यापार बंद आहे. आधी वनविभागाकडे चौकशी.

८. आता नक्षी

आधी हात की यंत्र ते ठरवा. सारखी दिसणारी दोन पानं निवडा आणि कागदावर पेन्सिलीने ठसा घेऊन एकावर एक धरा. तंतोतंत जुळली, आतले कोपरे सगळे गोलसर निघाले आणि उतारावर बारीक पायऱ्या दिसल्या तर संगणकी राउटरचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्राचं काम.

हातकाम असेल तर घराणं शोधा. लाकूड आणि नक्षी *दोन्ही* जुळली तरच नाव लिहा.

काश्मीर: अक्रोड, चिनारचं पान, कमळ, गुलाब, द्राक्षं. पाकळीखालून लाकूड काढून ती उचललेली असते, रंग सहसा नैसर्गिक.

सहारनपूर: शीशम किंवा आंब्याचं लाकूड, द्राक्षवेल, जाळी, पितळी पट्टीची जडवण. घराघरांतल्या "पुरातन" पेट्यांचा मोठा वाटा इथला आणि प्रवासात घेतलेला, असं आमचं स्पष्ट मत. त्यात कमीपणा काही नाही.

कर्नाटक: शिवमोग्याजवळचं सागर-सोरब आणि कुमठ्याच्या बाजूचे गुडिगार कारागीर, चंदनावर अतिशय दाट पानं-फुलं, मध्ये देवदेवता, हत्ती. कोल्हापूरहून हा भाग फार लांब नाही, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत अशी पेटी आढळली तर नवल नको.

केरळ: नेट्टूर पेटी. उतरत्या छपरासारखं झाकण, भरपूर पितळी पट्ट्या, दागिन्यांसाठी. कोरीवकाम कमी. आकार एकदा पाहिला की विसरत नाही.

विशाखापट्टणम: हस्तिदंताच्या पातळ पत्र्यांवर काळ्या रेघांची नक्षी, शिंग, साळिंदराचे काटे. काट्यांच्या पेट्या श्रीलंकेतही होत, तेव्हा काटे दिसले की लगेच निकाल देऊ नका.

मुंबई-सुरत: सडेली. हस्तिदंत, आबनूस, शिंग, कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून त्यांच्या पातळ चकत्या पेटीवर बसवतात. चांदण्यांसारखी भौमितिक नक्षी उठते. आतलं लाकूड अनेकदा चंदन, आणि तेवढ्यावरून पेटी म्हैसूरची समजली जाते.

मैनपुरी: शीशममध्ये ठोकलेली पितळी तार, तारकशी. होशियारपूर: गडद लाकडात पांढरी जडवण.

सावंतवाडी: आंबोली उतरलं की आलंच, म्हणून सगळ्यांच्या तोंडी हे नाव आधी. पण तिथली ओळख लाखकामाची आणि रंगकामाची. खोल कोरलेली, बिनरंगाची पेटी असेल तर सावंतवाडी लिहिण्याआधी थांबा.

ड्रॅगन आणि कापराचा वास म्हणजे चीनकडे बघा; सागावर फार खोल, आकृत्यांनी गच्च भरलेलं काम म्हणजे ब्रह्मदेश.

यातलं काहीच बसत नसेल, नक्षी उथळ असेल, केळफूल, कमळ, साधी वेलबुट्टी असेल, लाकूड साग, फणस किंवा शिसव असेल आणि सांधे साधे असतील, तर इथल्याच सुताराचं काम असण्याची शक्यता सर्वांत जास्त. लोकांना हे उत्तर आवडत नाही. शोधणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र हीच पेटी दुर्मीळ.

९. अक्षरं आणि कागद

खणाखाली, झाकणाच्या आतल्या कडेला, कुलपामागे टॉर्च आडवा धरून बघा. मोडीत काही असेल तर पुसू नका, गिरवू नका. सन, म्हणजे कालगणना, कुठली ते आधी ठरवा: शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, सुहूर असेल तर ५९९. वर्षारंभ वेगवेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक धरा. सुहूर सन अरबी शब्दांत येतो: "सबा समानीन मयातैन व अलफ" म्हणजे ७ + ८० + २०० + १०००, अर्थात १२८७, इसवी सन १८८६-८७.

किंमत आणे-पैत असेल तर चिठ्ठी १९५७ च्या दशमान नाण्यांआधीची. "कोल्हापूर संस्थान" असेल तर १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणाआधीची. पिनकोड असेल तर १९७२ नंतरची. अस्तराला वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर ती तारीख अस्तराची. पेटी त्याहून जुनी असू शकते. कोरलेलं नाव बहुतेक वेळा मालकाचं किंवा आहेर देणाऱ्याचं असतं, कारागिराचं क्वचित.

१०. घरातला माग

घरातल्या वडीलधाऱ्यांना "ही किती जुनी?" असं विचारू नका, उत्तर नेहमी शंभर येतं. "तुम्ही पहिल्यांदा कुठल्या घरात बघितली? त्यात काय ठेवायचे? कुणाच्या लग्नात आली? घरातलं कोण लष्करात, रेल्वेत किंवा बंदरावर नोकरीला होतं?" असं विचारा. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली. त्यानंतर उत्तरेकडचा माल घरी येणं सोपं झालं. राजवाड्याशी संबंध सांगितला जात असेल तर कागद मागा. नेमणूक, इनाम, देणगी यांचा माग कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात लावता येतो. कागद नसेल तर "घरात असं सांगतात" एवढंच लिहा.

११. कुणाला दाखवायची, काय लिहायचं

टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात जाताना आधी फोटो, मापं आणि वहीच न्या, पेटी बोलावल्यावर. भाव विचारू नका, ते त्यांचं काम नाही. विकत घेऊ पाहणाऱ्याचंच मत वयासाठी ग्राह्य धरणं ही तर उघड चूक.

पेटी शंभर वर्षांची किंवा जुनी ठरली तर पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होतो. व्यापारासाठी परवाना लागतो, काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे, आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. मुलीकडे अमेरिकेला पाठवायची असेल आणि ती पुरावशेष नाही असं वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेऊनच पाठवा. विमानतळावर "घरातलीच आहे" हे चालत नाही.

शेवटी चिठ्ठी. तीन ओळी, पेन्सिलीने: काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, घरात काय सांगतात. उदाहरणार्थ: "शीशम, गोल तारेचे खिळे मूळ, पितळी जडवण. बहुधा सहारनपूर, १९०० नंतर. आजीच्या माहेरहून आली असं सांगतात." तारीख घाला, घडी करून आत ठेवा. सेलोटेप लावू नका; त्याचा डिंक लाकडाला डाग पाडतो.